बाकाचं माप

बाक जुन्या चादरीखाली झाकून ठेवलं होतं, आणि चादरीखाली काय आहे हे घरातल्या तान्हीखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही रीत म्हणून कुणाला काही माहीत नसल्यासारखं वागायचं होतं. घराखालचा कारखाना सकाळीच झाडून झाला होता. पायाखाली भुसा नसला तर आजोबांच्या थोरल्याला एरवी करमत नसे, पण आज त्यानेच कोपरान् कोपरा झाडला होता. आज त्याच्या मुलाला बाक मिळणार होतं.

या घरात मुलगा दहाचा झाला की त्याला स्वतःचं बाक मिळे. सुतारकामाचं बाक, पुढे लाकूड आवळून धरायला शिकंजा, खाली हत्यारं ठेवायला फळी. ते आजोबांनीच करायचं आणि माप टेपने घ्यायचं नाही. हात सरळ खाली सोडून तळवा आडवा धरला की तो जिथे येईल, तिथे बाकाची वरची फळी आली पाहिजे. पोर कामात दंग असताना आजोबा ती उंची नजरेने हेरत आणि स्वतःच्या बाकाच्या पायावर खिळ्याने बारीक चरा ओढून ठेवत. माप घेतोय असं आधी सांगितलं तर पोर ताठ उभं राहतं, टाचा उचलतं आणि सगळं बोंबलतं, असं त्यांचं म्हणणं. थोरल्याचं बाक असंच झालं होतं, धाकट्याचंही असंच.

मुली दहाच्या झाल्या की त्यांना नवा फ्रॉक मिळे. त्याला रीत वगैरे कुणी म्हणत नसे, ते आपोआप होत असे.

धाकट्याची बायको शाळेत शिकवायची, म्हणून घरातही थट्टेने तिला बाई म्हणत. चहाचं आधण ठेवून ती जिन्यावरून खाली कारखान्यात आली आणि पायरीवरच थांबली. तिची मुलगी, मुंगी, मागच्या खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. दोन महिन्यांपूर्वी मिळालेला नवा फ्रॉक तिने आज घातला नव्हता. रोज शाळेतून आली की कारखान्यात घालायची ती जुनी पँट घातली होती, गुडघ्याला सरस लागलेली. बाईंनी ते पाहिलं.

काही महिन्यांपूर्वी शाळेत बाईंनी एक लढाई जिंकली होती. मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम अशी हस्तकलेची जुनी वाटणी त्यांनी मोडून काढली होती. आता सगळ्यांनी दोन्ही शिकायचं. काही पालक मुख्याध्यापिकांकडे भांडायला आले होते. "माझ्या मुलाने आता बटणं लावायची का?" असं एका वडिलांनी विचारलं, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या शर्टाला बटणं आहेत ना?" हे वाक्य दुसऱ्या दिवशी शाळाभर झालं.

त्याच दिवशी संध्याकाळी भाजी चिरताना मुंगीने विचारलं होतं, "आई, मला कधी बाक मिळणार?"

"बघू," बाई म्हणाल्या होत्या.

"शाळेत तू कधीच बघू म्हणत नाहीस," मुंगी म्हणाली होती आणि पुढे काही न बोलता जिना उतरून खाली गेली होती. तेव्हापासून बाईंना शाळेतली ती शाबासकी नीट पचत नव्हती. सासऱ्यांपुढे तोंड उघडायचं म्हणजे थोरल्या दिरांच्या मुलाचं ताट ओढून घेतल्यासारखं होणार होतं, आणि हे घर एकाच चुलीवरचं होतं.

"आली का सगळी?" आजोबांनी विचारलं.

"ताई आली की झालं," थोरला म्हणाला.

ताई म्हणजे आजोबांची मोठी मुलगी, पोरांची आत्या. ती दुसऱ्या गावात तसबिरींच्या चौकटी करायची. बस उशिरा आल्यामुळे ती धापा टाकत आली, पिशवी खाली ठेवली, कमरेवर हात देऊन सरळ झाली आणि म्हणाली, "उघडा आता. चहा नंतर पिऊ."

थोरल्याने चादर ओढली.

बाक सुरेख झालं होतं. कडा हाताने घासून मऊ केलेल्या, पाय भक्कम, शिकंज्याची मूठ गोल. धाकट्याने त्याला पॉलिश केलं होतं आणि तो आपल्याच कामाकडे कौतुकाने बघत होता. थोरल्याला मात्र गहिवरून आलं. त्याला स्वतःच्या बाकाचा दिवस आठवला. त्या दिवशी फळीवर तळवा टेकला तेव्हा आपण या घरात कुणीतरी झालो, असं त्याला पहिल्यांदा वाटलं होतं. तीच गोष्ट मुलाच्या हातावर ठेवायची म्हणून तो इतकी वर्षं थांबला होता. मुलगा जन्मला त्या दिवसापासून सगळे त्याला छोटे मिस्त्री म्हणत, आणि ते नाव पहिल्यांदा थोरल्यानेच उच्चारलं होतं.

"या, छोटे मिस्त्री," तो म्हणाला. "हात टेका."

छोटे मिस्त्री आपल्या तान्ह्या बहिणीला कडेवर घेऊन उभा होता. त्याने तिला आईकडे दिलं. तान्ही लगेच कुरकुरली. तो बाकापाशी गेला, हात खाली सोडला, तळवा आडवा केला.

फळी तळव्याला टेकेना. ती चांगली मनगटाच्या वर आली.

"नीट उभा राहा," थोरला म्हणाला. तो नीट उभा राहिला. "चप्पल घाल." त्याने चप्पल घातली. फरक पडला, पण पुरेसा नाही.

आजोबांचं माप चुकल्याचं या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"वाढेल की तो वर्षभरात," धाकटा शेवटी म्हणाला. "तोवर खाली खोकं देऊ."

"खोकं नको," आजोबा म्हणाले. "खोक्यावर उभं राहून शिकलेला हात वाकडा पडतो. या कारखान्यात खोक्यावर कुणी शिकलेलं नाही."

आत्या हसली. फार नाही, नाकातून नुसता आवाज आला. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर बाजूला घेतली.

"मग पाय कापू," थोरला म्हणाला. "दोन बोटं कापले की झालं. आत्ता कापतो." त्याने भिंतीवरची करवत काढलीसुद्धा.

मुंगी खिडकीपासून एक पाऊल पुढे आली आणि थांबली. तिच्या आईला ते पाऊल दिसलं. पायाखाली पट्टी ठोकून बाक उंच करता येतं. पण एकदा पाय कापले की ते बाक दुसऱ्याच्या मापाचं होऊन बसतं, हे मुंगीने इथेच, आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं.

"थांब," आजोबा म्हणाले. "आधी चहा होऊ दे."

चहा खाली आला. थोरलीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, कप वाटले. रडणाऱ्या तान्हीला छोटे मिस्त्रीने तिच्याकडून परत घेतलं आणि ती चूप झाली. आजोबांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. ते आपल्या बाकापाशी गेले, गुडघ्यावर हात देऊन खाली बसले आणि पायावरचा नवा चरा बोटाने चाचपू लागले.

चरा बरोबर होता. बाक त्या चऱ्याबरहुकूम होतं. मग हात कुणाचा होता? आजोबांनी डोळे मिटले आणि त्यांना हात दिसला, चेहरा नाही. ते चेहरे बघतच नसत, काम करणाऱ्याचे हात बघत. रंध्यावर दाबून धरलेला छोटा हात, अंगठ्याला पट्टी. पटाशीचं पातं लागलं होतं त्या दिवशी. रडली नव्हती. स्वतःच पट्टी बांधून परत आली होती. म्हणजे हा चरा ओढताना, नातवंड शेजारी उभं आहे एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. कोणतं, ते विचारायचं राहिलं होतं.

"बाबा," मागून आत्याचा आवाज आला. "चरा चुकलाय का?"

"नाही."

"मग तेव्हा शेजारी कोण उभं होतं?"

आजोबा उठून उभे राहिले. ते मुंगीकडे बघत राहिले. हळूहळू सगळेच तिच्याकडे बघू लागले. मुंगीला ते सहन होईना. ती पायाने नसलेला भुसा सारू लागली.

थोरल्याने कप खाली ठेवला. "हे बघा," तो म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही, तो कधी चढवत नसे. "मी कधी बोललो नाही. शाळेत मुलींच्या हाती करवत दिली, मुलांच्या हाती सुई दिली, म्हटलं बाईंची शाळा आहे, त्यांना कळतं. पण घर म्हणजे शाळा नाही. इथे एक रीत आहे. बाबांच्या हातून गडबड झाली, ती दुरुस्त करू. त्यात ही नवी भानगड नको."

"मी काहीच बोलले नाही, दादा," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी. तू बोलत नाहीस, पण पोरगी रोज इथे येते ती कुणाच्या शिकवणीने?"

बाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. वर्गात उभं राहण्याआधीची ही त्यांची सवय. "कुणाच्याच नाही," त्या म्हणाल्या. "मी तिला कधी पाठवलं नाही. खरं सांगू का, मीच तिला दोनदा परत बोलावलं, म्हटलं वर अभ्यास कर, कुणाला आवडायचं नाही. शाळेत मी लोकांशी भांडते, आणि घरी माझ्याच मुलीला बघू म्हणून उडवून लावते. मला त्याची लाज वाटते. म्हणून आज बोलते, दादा. ते पाय कापू नका. तुमच्या मुलाचं काही काढून घ्यायचं नाही मला. पण बाक तिच्या मापाचं झालंय, आणि ते का झालंय हे बाबांना कळलंय."

धाकट्याने आपलं स्टूल बायकोकडे सरकवलं. एरवी घरात वाद झाला की तो डब्यातलं पॉलिश ढवळत बसे. आज म्हणाला, "दादा, माझं बाक बघ."

"काय झालं त्याला?"

"कुठे आहे ते तरी दिसतंय का?"

धाकट्याचं बाक डबे, चिंध्या आणि ब्रशांखाली गडप झालेलं होतं. "मला बाक मिळालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," धाकटा म्हणाला. "मला रंधा मारायला आजपर्यंत येत नाही. मला रंग आवडायचा. पण विचारलं कुणी? मुलगा आहे, घे बाक."

"तुझं वेगळं. माझ्या पोराला आवडतं," थोरला म्हणाला. त्याने दारावरच्या, कपडे अडकवायच्या खुंट्यांच्या पाटीकडे बोट दाखवलं. ती पाटी छोटे मिस्त्रीने शाळेतून करून आणली होती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थोरला ती दाखवायचा. "न आवडता असं काम होतं का? कसा सांधा घेतलाय."

छोटे मिस्त्रीने तान्हीला दुसऱ्या कडेवर घेतलं. त्याला पळून वर जावंसं वाटत होतं. पाटी टांगली त्या दिवसापासून तो त्या दाराने जाणं टाळायचा, मागच्या बाजूने यायचा. त्याने आईकडे पाहिलं.

आपल्या मुलाचं बाक, आपल्या मुलाचा मान, यात जावेच्या बाजूने बोलायचं थोरलीला काही कारण नव्हतं. माहेरीसुद्धा तिने बाकाची बातमी कळवून ठेवली होती. पण मुलाचा चेहरा तिच्यासमोर होता.

"त्याला विचारा," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय विचारायचं?"

"विचारा तर. रागावू नका फक्त."

थोरला मुलाकडे वळला. "काय रे?"

"पाटी मी नाही केली," छोटे मिस्त्री म्हणाला. "मुंगीने केली."

"आणि तू?"

"मी तिचा उशीचा अभ्रा शिवला. आम्ही अदलाबदल केली. मला कारखान्यातल्या मशीनचा आवाज सोसत नाही, बाबा. आणि पटाशीची भीती वाटते. तुम्ही पाटी सगळ्यांना दाखवायला लागलात, मग सांगता येईना."

"तो अभ्रा तू शिवलास?" बाई एकदम म्हणाल्या. "मी मुंगीला त्याचे सगळ्यात जास्त गुण दिले."

"हो, काकू."

"माझ्याच वर्गात, माझ्या नाकाखाली," बाई म्हणाल्या. दोघांनी दोन्ही शिकावं म्हणून त्या सगळ्या गावाशी भांडल्या होत्या आणि त्यांच्याच घरच्या दोघांनी एकेकच शिकून काम भागवलं होतं. "उद्यापासून तुम्ही दोघं वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसणार. मुंगे, तू अभ्रा शिवायचास. आणि तू पाटी करायचीस. वाकडी झाली तरी चालेल."

"बरं," दोघंही म्हणाली. आत्याला हसू आवरेना. मग धाकटा हसला, मग थोरलीही हसली.

थोरला मात्र हसला नाही. हातातली करवत बाकावर ठेवून तो दारापाशी गेला, पाटी खिळ्यावरून काढली आणि उजेडात धरली. इतके दिवस ज्या कामाचा अभिमान मिरवला ते आपल्या मुलाचं नव्हतं, हे त्याला लागलंच. त्याहून जास्त हे लागलं की पोर आपल्याला इतके दिवस चुकवून मागच्या दाराने ये-जा करत होतं आणि आपल्याला वाटत होतं, त्याला घाई असते. त्याने अंगठा सांध्यावरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. सवयीने काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला.

"कुणी दाखवलं हे तुला?" त्याने मुंगीला विचारलं.

"तुम्हीच, काका. त्या दिवशी कपाटाचं दार करत होतात तेव्हा. मी बघत होते."

"मी दाखवलं नाही."

"मी बघितलं."

थोरल्याने पाटी उलटी करून मागची बाजू पाहिली. मग म्हणाला, "सांधा चांगला बसलाय." त्याच्या तोंडून याहून मोठी तारीफ कुणी कधी ऐकली नव्हती. त्याने पाटी परत टांगली आणि करवतही तिच्या जागी अडकवली.

"बाबा, पण याचं काय?" तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "याला काहीच नाही का?"

"त्याला हवं असेल तेव्हा त्याच्या मापाचं करीन," आजोबा म्हणाले. "नको असेल तर नाही. शिवायचं असेल तर शिवणाचं टेबल करून देईन. त्यालाही माप लागतंच. पण त्याआधी तू त्याला पुढच्या दाराने यायला सांग."

"ये रे पुढच्या दाराने," थोरला म्हणाला. छोटे मिस्त्रीने मान हलवली. मग हळूच विचारलं, "आणि मला छोटे मिस्त्री म्हणायचं बंद कराल?"

"मग काय म्हणू?"

"ठरवून सांगतो," तो म्हणाला.

मुंगी बाकापाशी आली, पण कुणीतरी सांगितल्याशिवाय हात लावायला तयार होईना. थोरल्यानेच तिला खांद्याला धरून पुढे केलं. तिने हात खाली सोडला, तळवा आडवा केला. फळी तळव्याला टेकली, दाबावंही लागलं नाही. ती तशीच उभी राहिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. थोरल्याने आपल्या बाकावरचा लहान रंधा आणून तिच्यापुढे ठेवला, तेवढंच. बाई स्टुलावर बसून डोळे पुसत होत्या आणि पुसत नसल्यासारखं दाखवत होत्या.

आत्या उठली. तिची परतीची बस दुपारची होती. पिशवी उचलताना कमरेत कळ आली म्हणून ती कोपऱ्यातल्या खोक्यावर टेकली. खिळे ठेवायचं जुनं लाकडी खोकं ते. टेकल्यावर तिला कळलं की आपण कशावर बसलोय.

हे तेच खोकं होतं. लहानपणी शाळा सुटली की ती याच्यावर उभी राहून बाबांच्या बाकावर काम करायची. थोरला दहाचा झाला तेव्हा त्याच्या बाकाच्या कडा तिने घासल्या होत्या, फार मन लावून, आणि मग तिला वर बोलावून घेतलं होतं. तक्रार तिने तेव्हाही केली नव्हती. लग्न झाल्यावर ती जेवायच्या टेबलावर चौकटी करू लागली. टेबल बुटकं होतं, त्यामुळे उभं आयुष्य वाकून काम करण्यात गेलं. कमरेचं दुखणं त्याचंच. आज मुंगीचा हात फळीवर टेकला तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं होतं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी दुखलं होतं. दोन्ही खरं होतं.

"कंबर फार दुखते का?" आजोबा समोर येऊन उभे राहिले होते.

"वयाने दुखते, बाबा."

"टेबल केवढं आहे तुझं?"

"आहे आपलं. जेवायचं आहे ते."

आजोबांनी खोक्याकडे पाहिलं. मग खिसे चाचपले. एका खिशातून चष्मा निघाला, दुसऱ्यातून खिळा.

"या कारखान्यात खोक्यावर कुणी शिकलेलं नाही, असं मघाशी म्हटलं मी," ते म्हणाले. "ते खोटं होतं."

"जाऊ द्या, बाबा. झालं ते."

"उठ."

"बस चुकेल माझी."

"पुढची मिळेल. इकडे माझ्या बाकापाशी ये. हात सोड खाली."

आत्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पिशवी खाली ठेवून उठली आणि बाकापाशी जाऊन उभी राहिली. केस पिकलेली, दोन नातवंडांची आजी. आजोबा कष्टाने खाली वाकले आणि खिळा बाकाच्या पायाला लावून वर बघत थांबले.

"ताठ उभी राहू नकोस," ते म्हणाले.

"नाही राहत."

"टाचा खाली टेक."

आत्याने खाली पाहिलं. तिच्या टाचा उचललेल्या होत्या.